लाईनवर राहा

सोमवार, ३ मार्च

लेकीनं दिलेला कॉम्प्युटर घरात येऊन आज आठवडा झाला. नातू पडद्यावर येतो, हात हलवतो आणि पळून जातो. तेवढ्यासाठी हे धूड जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलंय आणि मी मांडीवर ताट घेऊन जेवते.

पण वही उघडली ती त्यासाठी नाही. सकाळी भाच्याचा निरोप आला. "मावशी, आईला दवाखान्यात ठेवलंय. दम लागतो, फार बोलवत नाही. पण तुझ्याशी बोलायचंय म्हणते. बरं वाटलं की स्वतःच फोन करेल. तू करू नकोस, झोप लागलेली असली तर दचकते." बरंच झालं. मी करणार नव्हतेच.

एक वर्ष सात महिने ताई माझ्याशी बोललेली नाही, मी तिच्याशी नाही. मोजायचं नाही असं ठरवलं होतं. पण टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या बाईला वेळ मोजल्याशिवाय चैन पडत नाही. ही वहीसुद्धा मी ड्यूटी संपताना नोंद करावी तशीच लिहिते.

फोन पूर्ण चार्ज केलाय. आंघोळीला जाताना दाराशी स्टुलावर ठेवते, आवाज मोठा करून.

बुधवार, ५ मार्च

आज तीन फोन. एक विमावाला, एक चुकीचा नंबर, एक लेक. प्रत्येक वेळी हातातलं टाकून धावले. लेकीला म्हटलं, लवकर आटप, लाईन मोकळी ठेवायची आहे. ती म्हणाली, "आई, हल्ली एक फोन चालू असला तरी दुसरा दिसतो गं." दिसतो ना. पण मला मोकळीच हवी.

भांडण कशावरून झालं ते एकदाचं लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. ताई म्हणाली, "बेबी, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये." (सदुसष्टाव्या वर्षीही मी बेबीच.) मी म्हटलं, "तुझ्या सुनेच्या हाताखाली? ती मीठसुद्धा मोजून घालते, माणसाला काय सोडणार!" आणि पलीकडून सुनेचाच आवाज आला, "मी ऐकतेय, मावशी." ताईनं फोन स्पीकरवर टाकला होता. बटाटे सोलत होती म्हणे, हात रिकामे नव्हते.

आमच्या खात्यात दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याचा कान म्हणजे महापाप. जोडणी झाली की आपला कान बाजूला. एखादी नवी मुलगी ऐकत राहिली तर सुपरवायझरबाई सगळ्यांसमोर तिचा हेडफोन काढून घ्यायच्या. हे सगळं ताईला माझ्याकडून शंभरदा ऐकून माहीत होतं. तिनं आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, माफी तू माग. ती म्हणाली, "बोललीस तू आणि माफी मी मागू?" दोघींचाही राग नाकाच्या शेंड्यावर. पण चूक तिची, म्हणून फोन तिनं करायचा. माझं म्हणणं अजूनही तेच आहे.

शनिवार, ८ मार्च

फोन नाही. भाचा म्हणाला, तब्येत जैसे थे.

तिच्याशी काय बोलायचं त्याची उजळणी करतेय. पहिलं वाक्य सापडत नाही. "कशी आहेस" म्हणावं तर ती म्हणेल, "दवाखान्यात कशी असणार?"

मंगळवार, ११ मार्च

दुपारचे साडेतीन. डोकं भणभणतंय, पण आजचा दिवस कामी लागला. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी ड्यूटीवरच्या माणसासारखं बोललं.

सकाळी दहाच्या सुमाराला नातवाच्या स्वेटरची वीण शोधत होते, तर पडदा एकदम लालभडक झाला आणि आतून भोंगा वाजायला लागला. कॉम्प्युटरला धोका आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. घाबरगुंडी उडाली. लेकीनं इतक्या हौसेनं दिलेली वस्तू आठवड्या-दोन आठवड्यात मी बिघडवून टाकली, असं तिला कुठल्या तोंडानं सांगणार? लगेच मोबाईलवरून नंबर लावला.

साहेबांचा आवाज इतका स्वच्छ! घाई नाही, आगाऊपणा नाही. "घाबरू नका मॅडम, तुम्ही अगदी वेळेवर फोन केलात. फक्त एक लक्षात ठेवा. काम पूर्ण होईपर्यंत लाईनवर राहा. मध्येच फोन ठेवलात किंवा दुसरा घेतलात, तर सगळं पुसलं जाईल."

मला हसूच आलं. म्हटलं, "साहेब, लाईन कापू नका हे तुम्ही कुणाला सांगताय?" मग सांगितलं त्यांना, बोलणारा "झालं" म्हणत नाही तोवर बोर्डावरची जोडणीची दोरी काढायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. एकदा ट्रंक कॉलवर एक म्हातारा नुसता रडत होता. पलीकडचाही काही बोलत नव्हता. सत्तावीस मिनिटं. शेजारची म्हणाली, काढ दोरी, रांग लागलीय. मी काढली नाही. एकतीस वर्षांत मी कुणाची लाईन कापली नाही.

"वा, मॅडम! हल्ली अशी माणसं राहिलीत कुठे?" साहेब म्हणाले. आणि नुसतं तोंडदेखलं नाही म्हणाले, मला आवाजातलं कळतं.

मग त्यांनी तिकडे बसून माझ्या पडद्यावरचा बाण हलवला. बघत राहावं असं काम. बँकेचं पानही तपासून घेऊ म्हणाले, किडा तिथेच जाऊन बसतो. मोबाईलवर सहा-सहा आकड्यांचे संदेश येत होते, ते मी वाचून दाखवले. सुटे सुटे, एकेक आकडा, शून्याला शून्य, नऊला नऊ. "तुमच्याइतकं स्पष्ट कुणीच वाचत नाही," म्हणाले. आता या वयात कौतुक कोण करतं?

साडेअकराला वरिष्ठांना विचारून येतो म्हणून मला संगीतावर ठेवलं. बासरीचा एकच तुकडा, फिरून फिरून तोच. बाराला परत आले, उशीर झाल्याबद्दल क्षमाही मागितली.

मध्ये पावणेबाराला ताईचा फोन आला. नाव दिसलं. पण दुसरा फोन घ्यायचा नाही असं साहेबांनी बजावलं होतं ना, म्हणून तो कापला. केला बाई एकदाचा! पावणेदोन वर्षं होत आली, पण केला. आता संध्याकाळी मी करीन. साडी बदलून, नीट बसून, घाईघाईत नाही. चूक तिची होती, पण मी मोठं मन दाखवीन.

एकूण तीन तास दहा मिनिटं. शेवटी साहेब "झालं, मॅडम" म्हणाले, मग मी फोन ठेवला.

बुधवार, १२ मार्च

ताई गेली.

काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. मी संध्याकाळी पावणेसहाला तिचा नंबर लावला. भाच्यानं उचलला. आवाज मुद्दाम कडक ठेवून मी म्हटलं, "दे तिला." तो म्हणाला, "मावशी, आई गेली गं. आता तुलाच लावणार होतो."

तीन-दहाला मी चहा घेत होते. नंतर बसून ही वही लिहिली.

रविवार, १६ मार्च

परत आले. चार दिवस तिथे होते, पण काय केलं ते सांगता येणार नाही. ताईची खोली होती तशीच आहे. पलंगाखाली तिच्या चपला. एका चपलेचा पट्टा दोऱ्यानं शिवलेला. नवीन घ्यायला काय झालं होतं हिला? त्या चपलांवरून मला तिचा इतका राग आला की मग रडू आलं.

सुनेनं दोनदा पाणी आणून दिलं. माझ्याकडे बघितलं नाही, की मीच बघितलं नाही, कोण जाणे.

बुधवार, १९ मार्च

औषधं आणायला पैसे काढायला गेले, तर यंत्रानं कार्ड परत दिलं. वाटलं, बिघडलं असेल. आत काउंटरवरच्या मुलीनं खातं उघडलं आणि तिचा चेहराच बदलला. "आजी, अकरा तारखेला तुम्ही हे सगळं कुणाला पाठवलंत?"

म्हटलं, मी कुणाला काही पाठवलं नाही. मी तर भोंगा वाजला म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करून घेत होते.

"फोनवर कुणाला आकडे सांगितलेत का?"

"सांगितले. सुटे सुटे करून सांगितले."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. ती मुलगी मात्र हसली नाही. खुर्ची ओढून मला बसायला लावलं आणि म्हणाली, "आजी, तो दुरुस्तीवाला नव्हता. तो भोंगाही त्यांचाच असतो."

आजारपणाला म्हणून बाजूला टाकलेलं सगळं गेलं. घरी चालत आले. भोंगाही त्यांचाच असतो. म्हणजे आधी घाबरवायचं आणि मग घाबरू नका म्हणायचं.

शुक्रवार, २१ मार्च

लेक कालच येऊन धडकली. आल्या आल्या कॉम्प्युटरची वायर उपटली. "आई, तुला कळलं कसं नाही गं? तीन तास!"

"साहेबांचा आवाज चांगला होता."

"साहेब काय म्हणतेस त्याला! लुटलंय त्यानं तुला!"

सवय लागलीय जिभेला. आज पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्यासमोरही तेच तोंडातून आलं, तर त्यानं लेखणी थांबवून माझ्याकडे बघितलं. शांत माणूस होता. सगळं विचारलं, वेळेसकट. आयुष्यभर वेळा नोंदवल्या, म्हणून मला सगळ्या तोंडपाठ. मग म्हणाला, "त्या वेळात दुसरे फोन आले होते?"

"एक. बहिणीचा."

"का नाही घेतला?"

"घेऊ नका म्हणाला होता."

त्यानं तसं लिहिलं. शेजारी बसून लेक रडायला लागली. "पैसे गेले तर जाऊ देत, पण मावशीचं शेवटचं बोलणंसुद्धा त्या हरामखोरानं नेलं." लिहिणाराही हळहळला. म्हणाला, "आजी, हेही घातलंय मी कागदात." मी सही केली.

मंगळवार, २५ मार्च

लेक परत गेली. जाताना पुन्हा तोच विषय, माझ्याकडे चल. मी विचार करते म्हटलं. आजवर मी नाही म्हणायचे.

सगळीकडे बातमी पोचली आहे. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी भेटली, हात धरून म्हणाली, "बहिणीशी शेवटचं बोलूही दिलं नाही हो त्या मेल्यानं." भाच्याचा फोन आला, तोही तेच म्हणाला. पैशांवरून कुणी बोललं की वाईट वाटतं. पण ताईवरून कुणी समजूत काढली की त्याहून वाईट वाटतं, आणि घाईघाईनं विषय बदलावासा वाटतो. असं का होतं कळत नाही.

कळतं. पण आज नको.

शनिवार, २९ मार्च

दुपारी दार वाजलं. ताईची सून. एकटीच आली होती, चार तास प्रवास करून. हातात आमच्या आईचा बटणांचा डबा. लहानपणी त्यावरून आम्ही दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या. "आई म्हणायच्या, हा मावशींचा आहे, नुसता माझ्याकडे राहिलाय," सून म्हणाली. खोटं. डबा ताईचाच होता.

चहा केला. साखर विचारली तर म्हणाली, "एकच चमचा. मी मोजूनच घालते." माझी मान खाली गेली. मग तिनंच हसून कप उचलला. म्हणाली, "लागलं होतं मला, मावशी. नाही कशाला म्हणू? पण महिनाभर. पुढचं सगळं तुम्ही दोघींनी ओढलंत."

नंतर बराच वेळ ती बटणं वरखाली करत बसली. मग म्हणाली, "मला एक सांगायचंय. त्या दिवशी नंबर मीच लावून दिला होता. आई म्हणाल्या, स्पीकर लावू नकोस हं. आणि जोडून झालं की तू बाहेर थांब. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. दोनदा वाजला आणि बंद झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'आई, त्यांनी कापला वाटतं.' तर माझ्यावरच डाफरल्या. धाप लागली होती, तरी. म्हणाल्या, 'बेबी? छे! जग बुडालं तरी ती कापायची नाही. लाईन बिझी असेल. तिचं झालं की करेल ती.' आणि फोन छातीवर ठेवून पडून राहिल्या. मी काढायला गेले तर काढू दिला नाही."

मी विचारलं, "तिला बोलायचं काय होतं?"

"ते मला नाही सांगितलं. कुणालाच नाही."

मग ती म्हणाली, "आणि खरंच बिझी होती तुमची लाईन. हे सगळं कळल्यापासून मला फार लागून राहिलंय. तुमच्याबद्दल मी असं म्हणायला नको होतं. तेवढं सांगायलाच आले."

ती माझी माफी मागत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असू दे गं."

रविवार, ३० मार्च

खरं काय ते लिहिते.

पावणेबाराला मी संगीतावर होते. साहेब लाईनवर नव्हते. बासरी वाजत होती आणि मी नुसती बसले होते. बोटं टेबलावर वाजवत. ताईचं नाव दिसलं तेव्हा मला साहेबांची आठवणही झाली नाही. कॉम्प्युटरचीही नाही. वाटलं एवढंच, की आली शेवटी शरण. आता थांबू दे जरा. दीड वर्षाच्या वर मी थांबले, तिला एक फोन परत करू दे. लाल बटण मी दाबलं. अंगठ्यानं. आणि खोटं कशाला, दाबताना बरं वाटलं.

तिनं पुन्हा करावा म्हणून मी वाट बघितली. पंधरा मिनिटं, साहेब परत येईपर्यंत. मोबाईलच्या पडद्यावरून नजर हटवली नाही. ती तिकडे फोन छातीवर घेऊन माझी वाट बघत होती.

त्या माणसानं पैसे चोरले. हे त्यानं केलेलं नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

सकाळी अकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, तुमची फसवणूक झाल्याची नोंद आमच्याकडे आहे. गेलेली रक्कम परत मिळवून देणाऱ्या विभागातून बोलतोय." नाव वेगळं, विभाग वेगळा. आवाज तोच. मला कुणाचाही आवाज दुसऱ्यांदा ओळखू येतो, तीच माझी भाकरी होती.

शिव्या सुचल्या नाहीत. मी विचारलं, "साहेब, अकरा मार्चला तुम्ही मला अर्धा तास संगीतावर ठेवलं होतं. आठवतं?"

तो म्हणाला, "मॅडम, तुमची फाईल बघून सांगतो. लाईनवर राहा." आणि बासरी सुरू झाली. तोच तुकडा.

मी लाईनवर राहिले. का राहिले? वेड्यासारखी मी मोबाईलच्या पडद्याकडे बघत होते. वाटत होतं, आता दुसरा फोन येईल. आता नाव दिसेल. तिचा नंबर भाच्यानं मागच्याच आठवड्यात बंद केलाय, मला सांगून. तरीही पाच मिनिटं बघत राहिले. मग बासरी वाजत असतानाच मी फोन ठेवून दिला. ही दुसरी कापलेली लाईन. तिचं काही वाटलं नाही.

उठले, तोंड धुतलं, आणि सुनेला फोन लावला. तिनं पटकन उचलला. म्हटलं, "आधी स्पीकरवर आहे का सांग." नाही म्हणाली. मग एका दमात सांगितलं. "त्या दिवशी तू म्हणालीस तेच खरं होतं. लाईन बिझी नव्हती. मी मोकळी होते. मी कापला, जाणूनबुजून कापला. ती तुला उगाच रागावली."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली, एक, मग दुसरी. कुणीतरी गॅस बंद केला. मी फोन कानाशी धरून बसले. आता ही ठेवील, असं दर क्षणाला वाटत होतं. ठेवला असता तरी माझी तक्रार नव्हती. घड्याळात चार मिनिटं गेली. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, मधूनच नाक ओढल्याचा आवाज.

मग तिनं विचारलं, "मावशी, आहात ना लाईनवर?"

"आहे," मी म्हटलं.